गव्हाशिवायचा दस्तरखान

आपल्या दस्तरखानावरून गहू उचलायचा ठरवला तर मागे काय उरते, याची यादी पाच वर्षांपूर्वी आमच्या घरात करावी लागली. चपाती, पराठा, नान, शीरमाल हे तर सरळच गेले. त्यांच्यामागे समोसा गेला, ईदच्या शेवया गेल्या, मोहरमचा खिचडा गेला, हलीम गेले, सकाळच्या चहाबरोबरची खारी आणि टोस्ट गेले, उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या कुरडया गेल्या. बिर्याणी तरी वाचली असे वाटले, तेवढ्यात मुलीच्या दादींनी आठवण करून दिली की दम देताना पातेल्याचे झाकण आपण कणकेने बंद करतो. डब्यातला हिंगही गेला, कारण बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो.

आमच्या धाकट्या मुलीला सेलिॲक नावाचा आजार आहे. ती आता अकरा वर्षांची आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत कन्नड आणि सिल्लोडकडच्या तीन घरांतून मला याच आजाराबद्दल विचारणा झाली. तिन्ही वेळा प्रश्न एका आईचा होता आणि तिन्ही वेळा घरातली बाकी मंडळी म्हणत होती, "गव्हाने कधी कोणी आजारी पडतं का?" म्हणून या महिन्याचे पान याच विषयाला देते आहे.

पडतं. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. गव्हाच्या कणकेला जो चिवटपणा येतो, पोळी न तुटता पातळ लाटता येते, पाव फुगतो, ते सारे या ग्लुटेनमुळे. ज्वारी-बाजरीत ते नाही, म्हणून भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते, आणि पीठ गरम पाण्यात मळावे लागते. आपल्या आयांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण त्यांच्या हातांना ठाऊक होते. सेलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा गोंधळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीवर असतात तसे बारीक तंतू असतात. अन्नातले सत्त्व तेच शोषून घेतात. हल्ल्यात ते झिजतात आणि मखमलीची जागा सपाट होते. मग माणूस दोन वेळा पोटभर जेवला तरी अंगाला काही लागत नाही. ही गव्हाची साधी ॲलर्जी नाही आणि अपचन तर मुळीच नाही. यावर गोळी नाही, लस नाही, ऑपरेशन नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद करणे हा एकच उपाय आहे, आणि तो पाळला तर आतडे पुन्हा भरून येते. लहान मुलांचे तर लवकर येते.

आमच्या मुलीचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि हातपाय काडीसारखे होते. वारंवार जुलाब व्हायचे. वर्गातल्या मुलींपेक्षा ती चार बोटे बुटकी राहिली. हिमोग्लोबिन ७.६. तीन वर्षांत तिला जंताचे औषध किती वेळा दिले गेले याची मोजदाद नाही. लोहाची बाटली संपायची, रक्त वाढायचे नाही. एका डॉक्टरांना क्षयाची शंका आली आणि त्या तपासण्या झाल्या. शेजारच्यांनी नजर लागली म्हणून सांगितले. शेवटी शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी विचारले, "हिच्या जेवणात गहू किती?" आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली. त्या एका प्रश्नासाठी मी आजही त्यांच्यासाठी दुआ करते.

लक्षणे प्रत्येकात अशीच दिसतील असे नाही. कोणाला जुलाबाऐवजी बद्धकोष्ठ असते, कोणाला पोटाचा काहीच त्रास नसतो. मोठ्या बायकांमध्ये कधी कधी फक्त ॲनिमिया दिसतो, जो गोळ्यांनी हटत नाही. हाडे ठिसूळ होणे, तोंडात पुन्हा पुन्हा व्रण येणे, मुलीची पाळी उशिरा सुरू होणे, कोपरा-गुडघ्यांवर खाजरे फोड येणे, गर्भ न राहणे किंवा वारंवार पडणे, यांच्या मुळाशीही हा आजार असू शकतो. असू शकतो, एवढेच म्हणते. आपल्याकडे रक्त कमी असण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि पहिले कारण म्हणजे घरातली बाई सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवते. पण व्यवस्थित जेवूनही, लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही सहा-सहा महिने रक्त जागचे हलत नसेल, तर डॉक्टरांना सेलिॲकची तपासणी करायची का म्हणून जरूर विचारा.

ही तपासणी रक्ताची असते, तिला टीटीजी म्हणतात. ती वाढलेली आली तर बहुतेक वेळा दुर्बिणीने लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहतात. एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका. कोणाच्या तरी सांगण्यावरून आधीच चपाती थांबवली तर आतडे सुधारू लागते, रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि तपासणी खोटी निर्दोष येते. मग आजार आहे की नाही ते कळायला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालावा लागतो. त्या आईची आणि त्या लेकराची अवस्था मी पाहिली आहे.

निदान झाले की सख्ख्या नात्यातल्यांचीही तपासणी करावी. आई-वडील, भावंडे, मुले यांच्यापैकी शंभरात सात-आठ जणांत हा आजार सापडतो, आणि त्यांतल्या काहींना स्वतःला कसलाच त्रास जाणवत नसतो. मूळ गुणसूत्रांत असते, पण नुसत्या गुणसूत्राने आजार होत नाही. ते गुणसूत्र लोकसंख्येच्या जवळपास तिसऱ्या हिश्शात असते आणि त्यांतल्या फार थोड्यांना सेलिॲक होतो. आमच्या घरी आम्ही दोघे आणि मोठा मुलगा, तिघांचीही तपासणी झाली. अल्हम्दुलिल्लाह, कोणातही आढळला नाही.

गव्हाचा हा दोष जगाला कळला तो भुकेच्या दिवसांत. हॉलंडमध्ये हेग शहरात विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. पाव खाल्ला की काही मुलांची तब्येत ढासळते, असा त्यांना युद्धाच्या आधीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे त्या देशात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. माणसे ट्यूलिपचे कंद खाऊन जगली. सगळे शहर खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली, आणि युद्ध संपून पाव परत आला तशी पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध लिहिला आणि गव्हावर बोट ठेवले. त्याआधी अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. मुले बरी व्हायची, म्हणून लोकांनी केळ्याचे गुण गायले. गुण खरे तर न खाल्लेल्या पावाचा होता.

आपल्याकडे हा आजार पंजाब-दिल्लीचा समजला जातो, आणि त्यात तथ्य आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सेलिॲक सापडला. गुणसूत्रांतला फरक एवढा मोठा नव्हता, ताटातल्या गव्हातला होता. मराठवाडा ज्वारीचा मुलूख. आमच्या दादींच्या माहेरी पाहुणा आला तरच चपाती व्हायची. आता पिशोरमध्ये कुठल्याही घरात डोकावा, सकाळ-संध्याकाळ चपाती आहे, रेशनवर गहू आहे, मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा आहे. भाकरी गरिबीची आणि चपाती सुधारलेल्या घराची, ही समजूत आपण कुठून घेतली कोण जाणे. मला वाटते, आपल्या भागातल्या डॉक्टरांनी आणि आयांनीही आता हा आजार परक्यांचा समजू नये.

आता स्वयंपाकघराकडे वळते. लोकांना वाटते की चपाती बंद केली की झाले. खरी अडचण गिरणीत असते. ज्वारी धुऊन, निवडून, वाळवून डबा गिरणीवर न्यायचा. तिथे आपल्या आधीच्या बाईचे गहू दळून झालेले असतात. जात्याच्या पाळीत, कापडी नळीत, खालच्या पेटीत तिचे पीठ बसलेले असते आणि ते आपल्या ज्वारीत येते. ग्लुटेनचे प्रमाण दिवसाला ५० मिलिग्रॅम एवढे जरी पोटात जात राहिले तरी आतड्याला इजा होते, असे अभ्यास सांगतात. एका चपातीत साधारण दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे चपातीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. गिरणीच्या पिठात तेवढा गहू सहज येतो. पहिले चार महिने मुलीचे वजन वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी जेवणाचे विचारता विचारता गिरणीपर्यंत गोष्ट नेली. आम्ही हप्त्यावर घरघंटी घेतली. त्यात ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, डाळ एवढेच पडते. शेजारणी मागतात, तेव्हा दादी स्वतःच उभ्या राहून सांगतात, "गेहूँ नक्को, बाकी कुछ भी पीस लेव." जिला घरघंटी परवडत नाही तिच्यासाठी दादींचे जुने जातेच बरे. एका मुलीपुरते पीठ पंधरा-वीस मिनिटांत निघते.

ज्वारी घेताना पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात, ते निवडावे लागतात. तवा, परात, चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे वेगळे हवे. लाकडाच्या भेगांत पीठ बसते, ते धुऊन निघत नाही. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. समोसे तळलेल्या तेलात भजी तळायची नाहीत. चहात बिस्किट बुडवलेला चमचा साखरेच्या डब्यात घालायचा नाही. दुधात घालायच्या पावडरींत माल्ट असते, ते जवापासून करतात. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी त्यातही पुष्कळदा माल्ट असते. ओटमध्ये गहू मिसळलेला असतोच असे धरून चाला. पाकिटावर गहू किंवा ग्लुटेन असलेल्या धान्याचा उल्लेख करणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून घटकांची यादी वाचायची सवय मुलांनाच लावा. आमची मुलगी मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही वाचते, पण तिचे इंग्रजी वाचन पक्के झाले ते दुकानातल्या पाकिटांवर. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असेल तरच त्या पदार्थावर ग्लुटेनमुक्त लिहिता येते. असे तयार पीठ आणि बिस्किटे शहरात मिळतात. महाग असतात आणि त्यांची गरजही नाही. पिशोरच्या चहूबाजूंनी मका उभा आहे. तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो आणि आपण चौपट दराने मक्याचे बिस्किट आणतो, हे काही बरोबर नाही.

पहिले सात-आठ महिने आमच्या घरात दोन चुली चालल्या. चौघांची चपाती, एकीची भाकरी. त्यात माझे कष्ट दुप्पट झाले ती गोष्ट वेगळी, पण मुलगी दस्तरखानाच्या कडेला बसू लागली. तिचे ताट वेगळे, वाटी वेगळी, आणि कोणी चपातीचा हात तिच्या सालनात घातला की घरभर ओरड. मग मुलीच्या अब्बूंनी ठरवले की घरात गहू आणायचाच नाही. मोठा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. तो चिडला. बहिणीच्या आजारासाठी मी का चपाती सोडू, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याला कुर्बानी आणि सब्र यांवर व्याख्यान देण्याचा मोह आम्ही टाळला. त्याला सांगितले की बाहेर तुला जे खायचे ते खा, पैसे देऊ. घरात येताना हात-तोंड धुऊन ये. तो आजही कन्नडच्या हॉटेलात पाव-भाजी खातो आणि घरी बाजरीची भाकरी. माझे मत असे की आजारी मुलाभोवती सगळे घर फिरवायचे असेल तर निरोगी मुलाला एक मोकळे दार ठेवावे. नाहीतर तो राग कधीतरी आजारी मुलावरच निघतो.

सणांचे म्हणाल तर मला सर्वांत जास्त मदत उर्दूच्या शिक्षणाची झाली. ईद जवळ आली तशी मुलगी रडवेली झाली, शीरखुर्म्याशिवाय ईद कशी? मी तिला शब्द फोडून दाखवला. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. नावात शेवई कुठे आहे? त्या वर्षी आम्ही खजूर, चारोळी, पिस्ते घालून दूध आटवले आणि त्यात तांदळाच्या शेवया टाकल्या. पुढच्या वर्षी तेवढ्याही टाकल्या नाहीत आणि पाहुण्यांनी दोनदा वाटी पुढे केली. खिचडा आता ज्वारीचा भरडा आणि डाळी घालून होतो. बकरी ईदच्या शामी कबाबात चण्याची डाळ असते, त्यात काही अडचण नाही, फक्त पावाचा चुरा नको. फिरनी तांदळाचीच असते. बिर्याणीच्या झाकणाला आम्ही ओले फडके गुंडाळतो, वर वजन ठेवतो, दम तसाच बसतो. आणि नवरात्र किंवा आषाढी एकादशी आली की आमची मुलगी खूश असते, कारण गावातल्या दुकानांत साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचे पीठ हे सगळे येते. शेजारच्या काकू उपवासाची पहिली प्लेट तिलाच पाठवतात.

दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. पहिला जवाचा. हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्या घरात जवाची भाकरी असे, तल्बीनाचा उल्लेख हदीसमध्ये आहे, मग जव कसा बाधेल? एका फुफींनी तर मायेने जवाच्या सत्तूचा डबाच आणून दिला. जव कोट्यवधी लोकांसाठी उत्तम अन्न आहे, पण सेलिॲकच्या माणसाला तो गव्हाइतकाच बाधतो. इलाज करणे हीसुद्धा सुन्नत आहे, आणि या आजाराचा इलाजच पथ्य आहे. आपल्या दीनमध्ये कोणतेही धान्य खाणे फर्ज केलेले नाही, ही केवढी सोय आहे, हे मला कॅथलिक लोकांविषयी वाचताना उमगले. त्यांच्या प्रार्थनेतली भाकरी गव्हाचीच असावी लागते. सेलिॲकच्या रुग्णांसाठी अगदी कमी ग्लुटेनची चालते, पण ग्लुटेन अजिबात नसलेली चालत नाही.

दुसरा प्रश्न रोजाचा. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतरच्या दिवसांत पुरे करण्याची सवलत आहे. आतडे बिघडलेले, रक्त कमी, अंगात त्राण नाही, अशा काळात डॉक्टरांचा आणि आलिमांचा सल्ला घेऊन ती घ्यावी. पण पथ्याने तब्येत सावरली की सेलिॲकचा माणूस इतरांसारखाच रोजा ठेवू शकतो. आमच्या मुलीने नवव्या वर्षी पहिला रोजा ठेवला. रोजाकुशाईला साठ माणसे होती. खजूर, फळांची चाट, नव्या तेलात तळलेली बेसनाची भजी, उडदाचे दहीवडे, बिर्याणी. दस्तरखानावर गव्हाचा कण नव्हता आणि ते एकाच्याही लक्षात आले नाही.

लग्नांत मात्र लक्षात येते. आपल्या औरंगाबादेत वलीमा म्हणजे नान खलिया. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराबरोबर हा पदार्थ आला असे सांगतात. नान तर गेलाच. खलियात तसे गव्हाचे काही नसते, पण वाढणाऱ्याच्या त्याच हातात नान असतो आणि डेगेत तुकडे पडतात. आम्ही आचाऱ्याला आधी भेटून पहिली वाटी बाजूला काढून घेतो आणि भाकरी घरून नेतो. मग कोणीतरी ज्येष्ठ खाला म्हणतात, "इत्ता सा टुकड़ा खाई तो क्या होता? बिस्मिल्लाह पढ़ के खा ले." यात दुष्टपणा नसतो, माया असते, आणि म्हणूनच मुलीला नाही म्हणणे जड जाते. तिला आम्ही एक वाक्य शिकवले आहे: "खाला, मेरी दवा चालू है, गेहूँ मना है." आजार म्हटले की लोक वाद घालतात, दवा म्हटले की गप्प बसतात. शाळेतही तसेच. दुपारच्या पोषण आहारात आपल्याकडे मुख्यतः तांदूळ असतो, त्यामुळे खिचडी ती खाऊ शकते, फक्त फोडणीत हिंग घालू नका म्हणून स्वयंपाकी ताईंना सांगून ठेवले आहे. १५ ऑगस्टला जिलेबी वाटतात तेव्हा तिच्यासाठी चिक्की असते. वर्गशिक्षकांना एक साधी चिठ्ठी लिहून द्यावी, कोणताही शिक्षक ती टाळत नाही, हे मी याच पेशातली म्हणून सांगते.

ज्या घरात पगार नाही त्यांचे काय, हा विचार मला सोडत नाही. अन्न सुरक्षा कायद्याचे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, पण त्यात येतात ते गहू आणि तांदूळ. २०१३ च्या त्या कायद्यात भरडधान्याचेही नाव आहे, मात्र ज्वारीचा दाणा नेहमी हाती पडतोच असे नाही. घरातला गहू विकून ज्वारी घ्यायची तर तोटा होतो. रमजानमध्ये आपण फितरा काढतो, बहुतेक ठिकाणी गव्हाच्या हिशेबाने, आणि पुष्कळ घरे गव्हाचे पीठच देतात. खजूर, जव, मनुका यांच्या हिशेबानेही तो काढता येतो आणि हनफी मसलकात रक्कम देण्याची मुभा आहे. ज्या घरात असा रुग्ण आहे हे माहीत असेल, त्यांना रक्कमच द्यावी. दहा किलो ज्वारी आणि पाच किलो तांदूळ त्यांच्या लेकराचे औषध आहे.

शेवटी त्या तीन घरांपैकी एकाबद्दल, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न मला सर्वांत कठीण वाटला. मुलगी एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली, सतराव्या वर्षी निदान झाले. पथ्य कडक पाळते, तब्येत उत्तम. आता रिश्ते येत आहेत. घरातल्या मोठ्यांचे म्हणणे असे की सांगायचे नाही, निकाह होऊ द्या, मग हळूहळू कळेल. मुलीची आई म्हणाली, "बाजी, सांगितलं तर रिश्ता मोडेल. नाही सांगितलं तर माझी मुलगी मोडेल."

मी सांगायलाच हवे असे म्हणाले. ऐब लपवू नये म्हणून नव्हे. हा ऐब नाही आणि मुलगी बाजारातला माल नाही. सांगायचे अशासाठी की निकाहच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर पराठा येणार. नवी सून म्हणून ती नाही म्हणू शकणार नाही, आणि पहिल्या महिन्यात खाल्लेला गहू तिला वर्षभर भोवणार. पथ्य सुटले तर गर्भ न राहण्याचा, पडण्याचा, बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, आणि मग त्याचेही खापर तिच्याच माथी फुटते. पथ्य सांभाळले तर हाच धोका बराच खाली येतो. हे मुलाच्या आईला आणि मुलाला दोघांनाही, बोलणी पक्की व्हायच्या आधी, डॉक्टरांचा कागद समोर ठेवून सांगावे. खालच्या आवाजात, गुन्हा कबूल केल्यासारखे सांगू नये. काय खाते तेही सांगावे: ज्वारी, बाजरी, भात, मका, गोश्त, अंडी, दूध, डाळ, सगळ्या भाज्या, सगळी फळे. आणि मुलीने स्वतः बोलावे, कारण पुढे त्या घरात बोलायचे तिलाच आहे.

पहिल्या घरी त्यांनी असेच सांगितले. ती मंडळी चहा पिऊन, पुन्हा येतो म्हणून गेली आणि नंतर त्यांचा फोन आला नाही. दुसरे घर वैजापूरकडचे आहे. मुलाच्या आईने कागद ठेवून घेतला आहे आणि आपल्या डॉक्टरांना दाखवून कळवते म्हणाली आहे.